डिंगी आणि तिचं इंजिन: खोल समुद्रात निघण्याआधीची बांधाबांध



आजचा विषय ऐकायला लहान वाटेल. शिडाच्या मोठ्या नौकेबरोबर एक छोटी होडी असते, ती डिंगी. तिच्या मागे लावायचं इंजिन असतं, ते आउटबोर्ड. बंदर सोडून दोन-चार दिवसांच्या सागरी प्रवासाला निघताना ही दोन्ही कुठे ठेवायची, कशी बांधायची, आणि इतकी काळजी का घ्यायची, एवढंच आज बोलायचं आहे. व्हिडिओत दोर बांधून दाखवता आले. इथे मात्र पायऱ्या आणि कारणं नीट लिहून देतो, म्हणजे वाचून तुम्ही स्वतःच्या नौकेवर करून पाहू शकाल.

डिंगी हा शब्द मूळचा आपलाच. बंगाल आणि उत्तर भारतातल्या नद्यांवरच्या लहान होडीचं हे नाव इंग्रजांनी उचललं आणि जगभर नेलं. आपल्या किनाऱ्यावर तिची गरज इतर कुठल्याहून कमी नाही. नौका धक्क्याला लावून थेट जमिनीवर उतरता येईल अशा मरीना आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. मालवण असो, कारवार असो, बहुतेक ठिकाणी नांगर टाकायचा आणि डिंगीतून किनारा गाठायचा. पाणी, डिझेल, भाजी, आजारी माणूस, सगळी ने-आण तिच्यातूनच होते. बंदरात ती आपली रिक्षा असते. समुद्रात निघालं की तीच होडी डेकवरचं सर्वांत मोठं सुटं सामान होते.

प्रश्न होडीचा नाही, माणसाचा आहे

डिंगी हरवली तर पैशाचं नुकसान होतं. ते सोसता येतं. खरा धोका पुढे असतो. रात्री दोन वाजता वारा वाढलेला आहे, पुढच्या डेकवर डिंगीचा एक दोर सुटला आहे आणि ती आपटायला लागली आहे. अशा वेळी कोणीतरी उठून ती सावरायला पुढे जातो. अंधार, ओला डेक, लाटेबरोबर वर-खाली होणारं नौकेचं नाक, आणि हातात ५० किलोची उधळलेली होडी. नौकेवरून माणूस पाण्यात पडण्यासाठी याहून सोयीची परिस्थिती नाही. रात्रीच्या समुद्रात पडलेला माणूस शोधणं किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको.

म्हणून बंदरात अर्धा तास जास्त घालवून केलेली बांधणी होडी वाचवण्यासाठी नसते. कोणाला रात्री पुढे जावं लागू नये, यासाठी असते. आजची बाकीची सगळी चर्चा या एका वाक्यासाठी आहे असं समजा.

पाण्याचा मार किती असतो

वाऱ्याची भीती सगळ्यांना वाटते, पाण्याची त्या मानाने कमी. म्हणून थोडा हिशोब करू. ४० नॉटचा वारा म्हणजे ताशी सुमारे ७५ किलोमीटर. असा वारा एका चौरस मीटरवर साधारण २६ किलोचा दाब देतो. आता लाट घ्या. ती सेकंदाला फक्त ५ मीटर वेगाने आली, म्हणजे माणूस जोरात पळतो तेवढ्याच वेगाने. पण समुद्राचं पाणी हवेच्या साडेआठशे पट जड. एका चौरस मीटरवर तिचा दाब भरतो सुमारे १.३ टन. डिंगीची एक बाजू साधारण एक चौरस मीटरची असतेच. म्हणजे आडवी लाट बसली की बांधणीवर टनाच्या भाषेतला झटका येतो.

दुसरा हिशोब डिंगीत साचणाऱ्या पाण्याचा. तीन मीटरच्या डिंगीच्या आतली जागा दोन मीटर लांब, ७० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल धरली तर तिच्यात ४०० लिटरहून जास्त पाणी मावतं. पाच-सहा माणसांचं वजन. जी होडी तुम्ही दोघं मिळून सहज उचलता, ती एका लाटेत हत्तीच्या पिल्लासारखी जड होते.

या दोन आकड्यांवरून दोन नियम निघतात. डिंगी अशी ठेवा की तिच्यात पाणी साचणार नाही. आणि अशा ठिकाणी ठेवा, जिथे लाटेचा मार कमीत कमी बसेल.

ठेवायची कुठे

पहिला पर्याय मागे ओढत नेण्याचा. मांडव्याहून अलिबागजवळच्या खाडीत जायचं असेल, दिवस शांत असेल, तर चालतं. सागरी प्रवासात नाही. मागून लाट आली की डिंगी घसरत येऊन नौकेच्या पाठीत बसते. उलटली की नांगरासारखी ओढ घेते आणि दोर तुटतो. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे, ती मासेमारीच्या जाळ्यांची. रात्री जाळं दिसत नाही. नौका निसटली तरी मागची डिंगी किंवा तिचा दोर अडकतो, आणि थांबायच्या गडबडीत तोच दोर नौकेच्या पंख्यात जातो.

दुसरा पर्याय डेव्हिट्सचा, म्हणजे नौकेच्या मागे लावलेल्या दोन लोखंडी हातांना डिंगी टांगायची. बंदरातून बंदरात फिरताना ही सोय उत्तम. पण खोल समुद्रात टांगलेली डिंगी झोके खाते, मागून येणारी मोठी लाट तिच्यात भरते, आणि चारशे किलोचं वजन त्या हातांवर येतं. मोठ्या कॅटामरानवर डेव्हिट्स उंच आणि भक्कम असतात, तिथे हे निभतं. दहा-बारा मीटरच्या एकेरी नौकेवर मी ते टाळायला सांगेन. इलाजच नसेल तर इंजिन काढा, तळाचं बूच काढून ठेवा, डिंगी वर खेचून हातांना अगदी घट्ट भिडवा, आणि पुढे-मागे व आडवे तिरपे दोर घालून झोका पूर्ण बंद करा.

तिसरा पर्याय पुढच्या डेकवर पालथी ठेवण्याचा. बहुतेक नौकांवर हीच जागा मिळते. पालथी म्हणजे पाणी साचायचा प्रश्न मिटला. पण लाटेचा पहिला मार इथेच बसतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च या काळात दुपारचा वारा वायव्येकडून येतो. मुंबईहून गोव्याला, म्हणजे सुमारे २२० सागरी मैल दक्षिणेला जाताना वारा पाठीशी असतो आणि पुढचा डेक बऱ्यापैकी कोरडा राहतो. त्याच नौकेने, त्याच बांधणीवर गोव्याहून मुंबईला परत या. आता वारा आणि लाट दोन्ही तोंडावर. जाताना टिकली म्हणून येताना टिकेल, असं धरून चालू नका.

चौथा पर्याय केबिनच्या छपरावर, डोलकाठीच्या मागे, पालथी. जागा असेल तर डेकवरची हीच सर्वांत चांगली. नौकेच्या मध्याजवळ असल्याने हेलकावे कमी, लाट थकून येते, आणि दोर तपासायला नाकापर्यंत जावं लागत नाही. फक्त सुकाणूवरच्या माणसाला पुढचं दिसतं ना, आणि झडप उघडते ना, हे पाहून घ्या.

पाचवा पर्याय हवेच्या डिंगीसाठी: हवा सोडा, गुंडाळा, पिशवीत भरा आणि खाली लॉकरमध्ये टाका. कोचीहून लक्षद्वीप किंवा चेन्नईहून पोर्ट ब्लेअर असा उघड्या समुद्रातला पल्ला असेल तर माझी पहिली पसंती हीच. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर सातशेहून अधिक सागरी मैल आहे. इतके दिवस डिंगी लागणारच नाही, तर ती डेकवर कशाला? जी वस्तू डेकवर नाही ती डेकवरून वाहून जात नाही.

बांधायची कशी

आधी पाहा की कशाला बांधता आहात. दोर नवा आणि कडी कच्ची, हा प्रकार सर्रास दिसतो. डेकमधली कडी आरपार बोल्टने बसवलेली हवी आणि आतल्या बाजूने तिला धातूची किंवा जाड प्लायची पट्टी हवी, म्हणजे ओढ मोठ्या भागावर पसरते. नुसत्या स्क्रूवर बसवलेली कडी झटक्याने उपटून येते. कठड्याचे खांब आणि त्यातून जाणारी तार डिंगी बांधण्यासाठी नसतात. ते माणसाला अडवण्यासाठी असतात. एका बाजूने डिंगीने खांब वाकवला तर तुमचं कुंपणच गेलं.

दोर पॉलिस्टरचा घ्या. नायलॉन ताणला जातो. नांगराला तो गुण आहे, इथे दोष. पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे बाजारात मिळणारा स्वस्त निळा-पिवळा दोर, उन्हाने कुजतो. आठ मिलिमीटरचा चांगला नवा पॉलिस्टर दोर एक टनाच्या पुढे जोर घेतो, पण गाठीमुळे त्याची तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ताकद जाते. म्हणून एकाच दोरावर भिस्त नको, किमान सहा ठिकाणी स्वतंत्र बांधणी हवी. खटक्याने कसायचे पट्टे सोयीचे वाटतात, पण खाऱ्या पाण्यात त्यांचा खटका गंजतो आणि ऐन वेळी उघडत नाही. वापरायचेच असतील तर स्टेनलेस स्टीलचे घ्या, आणि जोडीला दोर ठेवाच.

आता क्रम सांगतो.

एक. डेकवर जाड रबर किंवा लाकडी ठोकळे ठेवा आणि डिंगी त्यावर पालथी बसवा. ती डेकवर डुगडुगता कामा नये. हलणारी वस्तू कितीही बांधा, दोर ढिले होतातच.

दोन. पुढचं टोक पुढच्या कडीला आणि मागची दोन टोकं मागच्या कड्यांना बांधा. यामुळे ती पुढे-मागे सरकत नाही.

तीन. वरून दोन दोर तिरपे, फुलीच्या आकारात घाला. यामुळे ती बाजूला सरकत नाही आणि वरही उचलली जात नाही.

चार. कसताना आपले ट्रकवाले ताडपत्रीच्या दोराला जी फास-गाठ मारून ओढतात, तीच मारा. एका माणसाच्या जोरात दुप्पट-तिप्पट ताण येतो. शेवटची गाठ ओढून सुटेल अशी ठेवा.

पाच. दोर जिथे कडेवर घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा किंवा चामडं घाला. चोवीस तासांत नौका हजारो वेळा हलते, आणि प्रत्येक हेलकाव्याला तो दोर थोडा थोडा कापला जात असतो.

सहा. निघाल्यावर तासाभराने सगळे दोर पुन्हा कसा. लष्करात खेचरावर ओझं लादल्यावर पहिल्या थोड्या अंतरानंतर थांबून पट्टे पुन्हा आवळतात. रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर गाड्या चढवल्या की पहिल्या मुक्कामावर साखळ्या तपासतात. ओझं हलून आपल्या जागी बसतं आणि तेवढीच बांधणी सैल होते. समुद्रात नियम वेगळा नाही.

हवेच्या डिंगीला आणखी एक गोष्ट लागू आहे. समजा दुपारच्या उन्हात तिच्या नळ्यांमधली हवा ५० अंशांपर्यंत तापली, आणि त्या वेळी दाब ०.२५ बार होता. रात्री तुषारांनी ती २५ अंशांवर आली की दाब ०.१५ च्या आसपास उतरतो. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हवा गेल्यासारखी डिंगी मऊ पडते, आणि दुपारी ताठ असलेले दोर रात्री लोंबतात. म्हणून संध्याकाळी, उजेड असतानाच, हवा भरा आणि दोर कसा. उलट पहाटे गच्च भरलेली डिंगी दुपारी शिवणीवर ताण घेते, तेव्हा सकाळी थोडी हवा सोडा.

इंजिन

पहिला नियम: प्रवासात इंजिन डिंगीवर ठेवायचं नाही. अडीच अश्वशक्तीचं आउटबोर्डही सुमारे १७ किलोचं असतं. दहाच्या आसपास अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक ४० किलोपर्यंत जातं. एवढं वजन डिंगीच्या मागच्या फळीवर सतत उसळलं तर फळीच निखळते.

उचलताना डिंगीतून हाताने वर देणं धोक्याचं. इंजिनाला पट्टा किंवा दोराचा फास घाला, कप्पी लावून उचला, आणि स्क्रू सोडण्यापूर्वी एक वेगळा सुरक्षेचा दोर नौकेला बांधून घ्या. शांत बंदरातच हे करा. निघायच्या सकाळी घाईत नको, आदल्या संध्याकाळी करा.

छोटं इंजिन मागच्या कठड्यावर लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळीवर बसवता येतं. पण नौकेच्या थरथराटाने त्याचे दोन्ही आवळ-स्क्रू सुटत जातात. ते एकमेकांना दोरीने बांधा किंवा कुलूप घाला, आणि खालचा पाय कठड्याला आवळा म्हणजे लंबकासारखा हलणार नाही. वीस-पंचवीस किलोच्या पुढचं इंजिन एवढ्या उंचीवर नकोच. ते खाली लॉकरमध्ये, नौकेच्या मध्याजवळ, आडवं ठेवा आणि आवळा. चार-स्ट्रोक इंजिन कोणत्या कुशीवर झोपवायचं ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. चुकीच्या कुशीवर ठेवलं तर तेल सिलिंडरमध्ये उतरतं. डोकं नेहमी पायापेक्षा थोडं वर असू द्या, नाही तर पायातलं खारं पाणी उलट डोक्यात जातं.

ठेवण्याआधी गोड्या पाण्यावर पाच मिनिटं चालवा, मग पेट्रोलचा नळ बंद करून कार्बुरेटर कोरडा होईपर्यंत चालू द्या. सध्या आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. दमट समुद्रात कार्बुरेटरमध्ये राहिलेलं असं पेट्रोल आठवडाभराने इंजिन सुरू होऊ देत नाही, आणि तेही नेमकं किनारा समोर असताना.

पेट्रोल

इथे मात्र हयगय नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, खाली उतरते आणि नौकेच्या तळाच्या पोकळीत, बिल्जमध्ये, साचते. तिथे पंपाची एक ठिणगी पुरते. हवेत दीड टक्का वाफ असली तरी भडका उडू शकतो. म्हणून पेट्रोलचा डबा केबिनमध्ये कधीच नाही, इंजिनाच्या खोलीत नाही, गॅसच्या शेगडीजवळ तर नाहीच. ज्या लॉकरचा निचरा थेट समुद्रात होतो, तिथे ठेवा, किंवा मागच्या डेकवर सावलीत बांधा. डबा गच्च भरू नका, फुगायला जागा ठेवा. इंजिनाच्या स्वतःच्या टाकीत पेट्रोल असेल तर झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे ना, ते पाहा. तोच उघडा राहून लॉकरमध्ये पेट्रोल झिरपतं.

डिंगी म्हणजे लाइफराफ्ट नाही, तरीही

काही जण म्हणतात, डिंगी आहे, लाइफराफ्टचा खर्च कशाला? खोल समुद्रात लाइफराफ्ट हवाच. तो आपोआप फुगतो, वर छप्पर असतं, पाण्याखाली वजनाच्या पिशव्या असतात. डिंगीला यातलं काही नसतं.

पण इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९७२ मध्ये पॅसिफिकमध्ये रॉबर्टसन कुटुंबाची 'ल्युसेट' ही नौका किलर व्हेल माशांच्या धडकेने बुडाली. नौकेवर सहा माणसं होती. त्यांचा लाइफराफ्ट सुमारे अडीच आठवड्यांत निकामी झाला. पुढचे दिवस सगळे जण आपल्या लहानशा फायबरग्लासच्या डिंगीत राहिले आणि ३८ व्या दिवशी एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांना वाचवलं. पुढच्याच वर्षी बेली दांपत्य लाइफराफ्ट आणि त्याला बांधलेली डिंगी यांच्या आधारावर पॅसिफिकमध्ये जवळजवळ चार महिने जगलं.

यातून बांधणीसाठी तीन गोष्टी शिका. डिंगी लाइफराफ्टच्या वर किंवा आड बांधू नका. तिचे दोर कापायला धारदार सुरी जवळच, म्यानात, दोरीने बांधून ठेवा. आणि वल्ही डिंगीच्या आतच, वेगळी बांधलेली असू द्या. इंजिन दगा देतं, वल्हं देत नाही.

सुटलीच तर

मी खलाशी म्हणून गेलो होतो अशा एका प्रवासात, देवगडच्या बाहेर उत्तरेकडे येताना, रात्री पुढच्या डेकवरची एक कडी स्क्रूसकट उपटून आली. डिंगी एका बाजूने उठून आपटू लागली. दोन तरुण लगेच उठले. स्किपरने त्यांना बसवलं. आधी नौका फिरवून वारा पाठीशी घेतला. तोंडावरच्या लाटा थांबल्या, डेक शांत झाला. मग दोघांना हार्नेस अडकवून, रांगत, एकमेकांच्या नजरेत राहून पुढे पाठवलं आणि सांगितलं: दहा मिनिटं प्रयत्न करा, नाही जमलं तर कापा. जमलं नाही. त्यांनी दोर कापले, डिंगी गेली, दोघे परत आले. त्या नंतर कोणी तिच्या किमतीची गोष्ट काढली नाही.

मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी नौका शांत करा, मग माणूस बांधा, मग वेळ ठरवा, आणि सोडून द्यायची तयारी ठेवा.

सोडून दिल्यावर एक काम उरतं. व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर, किंवा फोन लागत असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर कळवा की रिकामी डिंगी वाहते आहे, माणसं सुखरूप आहेत. नाही तर ती कोणाला दिसेल, आणि नसलेल्या माणसांसाठी शोध सुरू होईल. यासाठीच डिंगीवर नौकेचं नाव आणि फोन क्रमांक ठळक रंगवून ठेवा.

निघण्याआधीची उजळणी

डिंगी पालथी किंवा गुंडाळून खाली. इंजिन वेगळं आणि आवळलेलं. पेट्रोल केबिनबाहेर, स्क्रू बंद. कड्या आरपार बोल्टच्या. सहा बांधण्या, घासण्याच्या जागी आच्छादन. वल्ही आत, सुरी जवळ, लाइफराफ्ट मोकळा. झडप उघडते, नांगर सुटतो, पुढचं दिसतं. तासाभराने पुन्हा कसणं, आणि रोज सूर्यास्तापूर्वी एक फेरी.

शेवटी एक सोपी परीक्षा. बांधून झाल्यावर डिंगी दोन्ही हातांनी धरा आणि सगळा जोर लावून हलवा. नौका हलली पाहिजे, डिंगी नाही. डिंगी हलली तर सोडा आणि पुन्हा बांधा. धक्क्यावर उजेडात हे काम अर्ध्या तासाचं आहे.